साखर तापवली की नक्की काय होतं: पाकापासून कोळशापर्यंत, एकेक पायरी

साखर पातेल्यात घालून गॅसवर ठेवली की ती आधी पारदर्शक होते, मग पिवळसर, मग मधासारखी, मग तांबूस आणि लक्ष हललं की काळी, हे बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेलं असतं. पण मधल्या प्रत्येक रंगाला आत काय चाललंय हे एकदा समजलं ना की हात आपोआप सुधारतो, कारण मग कुठे थांबायचं ते डोळ्यांना कळतं. मी बरीच वर्षं अंदाजाने करत होते, कधी जमायचं कधी फसायचं, आणि का फसलं ते कळायचंच नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. तापमानाचे सगळे आकडे सेल्सिअसमधले आहेत.

सगळ्यात आधी: साखर बर्फासारखी वितळत नाही

ही एक गोष्ट डोक्यात बसली की बाकी सगळं सोपं होतं. बर्फ वितळला की पाणी होतं, परत गोठवलं की परत तोच बर्फ, आत काही तुटत नाही. साखरेचं तसं नाही. आपली साधी पांढरी साखर म्हणजे सुक्रोज, तिच्या एका रेणूत १२ कार्बन, २२ हायड्रोजन आणि ११ ऑक्सिजन, आणि हा रेणू म्हणजे खरं तर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन छोट्या साखरा एकमेकींना जोडलेल्या. पुस्तकात तिचा वितळणबिंदू बघायला गेलात तर कुठे १६० सापडेल, कुठे १८६. २०११ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की यात मोजणाऱ्यांची चूक नाहीये, साखरेचा स्फटिक वितळायच्या आधी रेणूच तुटायला लागतो, आणि तो किती तापमानाला तुटेल हे तुम्ही किती वेगाने तापवताय त्यावर ठरतं. जोरात तापवली तर जास्त तापमानाला पातळ होईल, हळू तापवली तर कमी तापमानाला.

म्हणजे नुसता तापमानाचा आकडा पुरत नाही, वेळही तितकाच महत्त्वाचा असतो. खाली जे जे लिहिलंय त्यात हेच परत परत येणार आहे.

सामान आणि हाताची काळजी

जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या, आतून चकचकीत. काळ्या नॉनस्टिकमध्ये रंगच दिसत नाही आणि इथे तर सगळा खेळ रंगाचा. २०० अंशांपर्यंत मोजणारा थर्मामीटर असला तर फार बरं. तो आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघा, समुद्रसपाटीला १०० दाखवायला हवा, आणि तुम्ही उंचावर असाल तर दर ३०० मीटरला साधारण १ अंश कमी. तुमच्याकडे पाणी ९८ ला उकळत असेल तर पाकाच्या खालच्या सगळ्या आकड्यांतून २ वजा करा. जोडीला लांब दांड्याचा लाकडी किंवा सिलिकॉनचा चमचा, एक पांढरी बशी, वाटीभर गार पाणी, आणि पातेल्याचं बूड बसेल एवढं गार पाण्याचं भांडं सिंकमध्ये आधीच भरून ठेवलेलं. हे नंतर भरू म्हणालात तर नंतर वेळ मिळत नाही.

आता काळजीचं. एकदा गरम कॅरॅमलचा, म्हणजे तांबूस होईपर्यंत तापवलेल्या साखरेचा, एक थेंब, डाळीच्या दाण्याएवढा, माझ्या तर्जनीवर पडला आणि मी सवयीने दुसऱ्या हाताने पुसायला गेले. तो पुसला गेलाच नाही, पसरला आणि दुसऱ्या बोटालाही चिकटला. उकळतं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही आणि अंगावर पडलं तरी ओघळून जातं, कॅरॅमल १७० च्या पुढे असतं आणि जिथे पडतं तिथेच बसून आतपर्यंत भाजत राहतं. म्हणून असं झालं तर पुसू नका, ओढून काढू नका, बोट तोंडात तर अजिबात घालू नका, सरळ नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली हात धरा आणि पूर्ण २० मिनिटं धरा, अंगठी असेल तर सूज यायच्या आधी काढा. साखर पाण्यात हळूहळू विरघळून आपोआप सुटते. बर्फ नको, टूथपेस्ट नको. मोठा फोड आला, चेहऱ्यावर किंवा डोळ्याजवळ उडालं, तर डॉक्टरकडे जा. आणि लहान मुलं त्या वेळी स्वयंपाकघरात नकोतच.

पहिली पायरी: पाण्यातला पाक

२०० ग्रॅम साखर, ६० मिली पाणी. हे प्रमाण बघून वाटतं एवढ्याशा पाण्यात एवढी साखर कशी मावणार, पण मावते. २० अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर विरघळते आणि १०० अंशांना तीच ४८० ग्रॅमच्या वर जाते. मंद आचेवर ढवळत सगळी विरघळू द्या, बोटांत चिमटीत धरली (जरा गार करून) तर कण लागता कामा नये. एकदा उकळी फुटली की चमचा बाजूला, आता ढवळायचं नाही.

इथून पुढे फक्त पाणी उडतंय, साखरेला अजून काहीही झालेलं नाही. जसजसं पाणी कमी होतं तसतसा पाक जास्त तापमानाला उकळतो, म्हणून थर्मामीटर खरं तर तुम्हाला पाकात पाणी किती उरलंय ते सांगत असतो. ११० च्या आसपास बोटांत तार येते, जिला आपण एकतारी दोनतारी म्हणतो. ११२ ते ११६ ला गार पाण्यात थेंब टाकला तर मऊ गोळी होते, म्हणजे साधारण ८५ टक्के साखर आणि १५ टक्के पाणी. १२१ ते १३० ला घट्ट गोळी, म्हणजे पक्का गोळीबंद. १३२ ते १४३ ला पाण्यात पडल्यावर धागे होतात, ते आधी वाकतात आणि मग मोडतात. १४६ ते १५४ ला एकदम कडक, पाण्यात टाकताना चटकन आवाज येतो आणि बाहेर काढून दाबला की काचेसारखा तुटतो, आता पाणी जेमतेम १ टक्का.

थर्मामीटर असला तरी ही गार पाण्याची टेस्ट करून बघाच. वाटीत थेंब टाका, तीन सेकंद थांबा, बोटांनी गोळा करा. मऊ गोळी पाण्यात गोल राहते पण बाहेर काढून बोटावर ठेवली की हळूहळू चपटी होऊन पसरते, घट्ट गोळी तशीच बसून राहते, दाबल्यावरच हलते. हा फरक वाचून नाही कळत, दोनदा हाताला लागला की विसरत नाही. टेस्ट करताना पातेलं आचेवरून खाली घ्या, नाहीतर तुम्ही गोळी बघेपर्यंत पाक पुढे निघून जातो.

आणि वेगाचं लक्षात ठेवा. सुरुवातीला काटा १०५-११० ला रेंगाळतो, कारण पाणी भरपूर आहे आणि सगळी उष्णता ते उडवण्यात जातेय, वाटतं काही होतच नाहीये. पण पाणी संपत आलं की तीच आच आता साखरेला तापवायला लागते आणि १४० ते १७० चा प्रवास बघता बघता होतो. बहुतेकांचं इथेच फसतं. सुरुवातीच्या संथपणाला कंटाळून आच वाढवतात आणि शेवटी ती कमी करायची राहून जाते. १४० आला की आच मध्यमच्याही खाली आणा.

पाक परत रवाळ झाला तर

सगळं छान चाललेलं असतं आणि अचानक कडेला पांढरी चकती दिसते, ती पसरते आणि अर्ध्या मिनिटात पातेलंभर ओली वाळू. कारण हे की पाकात आता पाण्याला पेलवेल त्यापेक्षा जास्त साखर आहे, तिला परत स्फटिक व्हायचंच असतं, फक्त कुठून सुरुवात करायची त्यासाठी एक कण हवा असतो. पातेल्याच्या कडेला चिकटलेला साखरेचा एक दाणा आत पडला की तेवढं पुरतं, किंवा तुम्ही ढवळलंत की रेणू एकमेकांवर आपटून रांगेत बसतात. म्हणून उकळी आली की दोन मिनिटं झाकण ठेवा, वाफेचं पाणी कडा धुऊन काढतं, किंवा ओल्या ब्रशने कडा पुसत राहा. ढवळण्याऐवजी पातेलं धरून हलकं फिरवा.

आणखी एक खात्रीचा उपाय, लिंबाच्या रसाचे चार-पाच थेंब सुरुवातीलाच. आंबटपणामुळे काही सुक्रोज तुटून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि आता तीन वेगवेगळ्या आकारांचे रेणू एकत्र आले की त्यांना नीट रांग लावताच येत नाही. ग्लुकोज सिरप घालतात ते यासाठीच. जास्त लिंबू पिळू नका, पाक कधी धड कडक होणार नाही आणि रंगही लवकर धरेल, कारण फ्रुक्टोज ११० च्या आसपासच तांबूस व्हायला लागते.

आणि रवाळ झालाच तर फेकू नका! अजून रंग आला नसेल तर साखर जशीच्या तशी आहे, ५० मिली पाणी घाला, परत विरघळवा, परत सुरू करा.

दुसरी पायरी: रंग, म्हणजे खरं कॅरॅमल

१६० च्या पुढे पाणी जवळपास संपलेलं असतं आणि आता साखर स्वतः तुटायला लागते. आधी ग्लुकोज-फ्रुक्टोजची जोडी सुटते, मग त्या रेणूंमधून पाणी बाहेर पडायला लागतं, म्हणजे पाणी म्हणून आपण घातलेलं नाही, साखरेच्या रेणूतच हायड्रोजन आणि ऑक्सिजन म्हणून बसलेलं. बुडबुडे परत दिसतात ते याचे. पाणी गमावलेले तुकडे एकमेकांना चिकटून मोठे होतात, त्यांना कॅरॅमेलान, कॅरॅमेलेन, कॅरॅमेलिन अशी नावं आहेत, तपकिरी रंग या मोठ्या रेणूंचा. आणि काही तुकडे अगदी छोटे होऊन हवेत उडतात, तो वास. डायअॅसिटिलमुळे लोण्यासारखा, माल्टोलमुळे भाजक्यासारखा, फ्युरान जातीच्या रेणूंमुळे खमंग, थोडं अॅसिटिक आम्लही तयार होतं ज्यामुळे चांगल्या कॅरॅमलला बारीकसा आंबट काटा असतो. विचार करा, सुरुवातीला पातेल्यात एकाच प्रकारचा रेणू होता, ज्याला वास नाही, फक्त गोड, आणि दहा मिनिटांत त्यातून शेकडो वेगवेगळे पदार्थ तयार झाले. मला हे दर वेळी तितकंच भारी वाटतं.

रंगाने ओळखायचं तर असं. १६५ च्या आसपास वाळलेल्या गवताचा फिका पिवळा, अजून नुसतं गोड. १७० ला पातळ मध. १७५ ते १८० ला तांबूस, दुसऱ्यांदा काढलेल्या चहाच्या कोऱ्या पाण्यासारखा, इथे गोड-खमंग बरोबर जुळतं. १८५ च्या पुढे तांब्याचा गडद रंग, गोडी उतरते आणि हलका कडवटपणा येतो, दूध-मलईत घालायचं असेल तर हा चांगला कारण मलई चव सौम्य करते. १९० च्या पुढे धूर दिसायला लागतो आणि कडू. पातेल्यात थर जाड असल्यामुळे रंग असतो त्यापेक्षा गडद वाटतो, म्हणून चमच्याने एक थेंब पांढऱ्या बशीवर टाका आणि तो बघा. नाकही वापरा, गोड वासाच्या खाली बारीक तिखट, नाकाला टोचणारा वास सुरू झाला की लगेच खाली घ्या.

हवा त्यापेक्षा एक छटा आधी थांबा. पातेल्याच्या बुडातली उष्णता आच बंद केल्यावरही पाच-दहा अंश पुढे नेते. भरून ठेवलेल्या गार पाण्यात बूड पाच सेकंद टेकवा, चर्र आवाज येईल, तो थांबला की बाहेर काढा. जास्त वेळ ठेवलंत तर तळाला दगड होईल.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. ब्रेडचा टोस्ट किंवा आटवलेलं दूध तांबूस होतं त्याला पण लोक कॅरॅमल होणं म्हणतात, पण त्यात मुख्य काम दुसऱ्याच क्रियेचं असतं, साखर आणि प्रथिनातली अमिनो आम्लं यांची, जी फ्रेंच संशोधक लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये मांडली. ती याहून कमी तापमानाला होते. नुसत्या साखरेचं कॅरॅमल म्हणजे फक्त उष्णता आणि साखर, बाकी कुणी नाही.

पाण्याशिवाय करायचं तर

कोरडी पद्धत लवकर होते पण लक्ष जास्त मागते. पातेलं मध्यम-मंद आचेवर, तळ झाकेल एवढीच साखर. कडा आधी पातळ होतात, ती चमच्याने हळूच मधे ओढा. सगळी पातळ झाली की पुढची मूठ. गुठळ्या झाल्या तर घाबरू नका, आच कमी ठेवून थांबलात की विरघळतात, आच वाढवलीत तर गुठळी विरघळायच्या आधी बाजूचं जळून जातं.

आणि मघाशी वेळेचं म्हटलं ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर हे करा. काचेच्या किंवा स्टीलच्या ट्रेमध्ये साखर पसरा, ओव्हन १५० अंशांवर, दर अर्ध्या तासाने तळापासून हलवा म्हणजे सुटलेली वाफ निघून जाईल. पातळ काही होणार नाही, दाणे दाणेच राहतील, पण दोन-तीन तासांत साखर हस्तिदंती, मग बदामी होते आणि चवीला कमी गोड, खमंग. कुठल्याही पुस्तकातल्या वितळणबिंदूच्या खाली, तरी रंग आला! साखर तुटतेय, फक्त सावकाश. गार झाल्यावर गुठळ्या फोडा आणि नेहमीच्या साखरेसारखी वापरा.

कॅरॅमलमध्ये काही घालताना

मलई किंवा पाणी घातलं की ते १७०-१८० अंशांच्या साखरेवर पडतं आणि तिथल्या तिथे वाफ होतं, पाण्याची वाफ झाली की जागा सोळाशे पटीच्या वर लागते, म्हणून ते असं उसळतं. पातेलं दुप्पट नाही तिप्पट मोठं घ्या, मलई आधी गरम करून घ्या, थोडी थोडी घाला, तोंड पातेल्यावरून बाजूला. साखर घट्ट होऊन गोळा झाला तरी मंद आचेवर ढवळा, सुटतो. खायचा सोडा घातला (२०० ग्रॅमला एक छोटा चमचा) तर त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि सगळं फेसाळून वर येतं, लगेच ओतून गार केलं की ते बुडबुडे आतच अडकतात आणि जाळीदार कुरकुरीत वडी होते.

गार झालेलं कडक कॅरॅमल म्हणजे खरोखर काच आहे, रेणू रांगेत न बसता जिथल्या तिथे थिजलेले. त्यामुळे ते हवेतलं पाणी ओढतं आणि चिकट होतं. पूर्ण गार झालं की लगेच हवाबंद डब्यात.

शेवटची पायरी: जळणं

थांबला नाहीत तर काय? साखर फुगते, फेस वर चढतो, पांढुरका झणझणीत धूर, आणि उरतो हलका, भोकाभोकांचा चमकदार काळा कोळसा. हिशोब बघा. १०० ग्रॅम साखरेत ४२ ग्रॅम कार्बन, आणि बाकीचे ५८ ग्रॅम हायड्रोजन आणि ऑक्सिजन अगदी पाण्याच्या प्रमाणात, २२ ला ११. कार्बोहायड्रेट हे नावच त्यावरून पडलं. कॅरॅमल म्हणजे यातलं थोडं पाणी गेलेलं, कोळसा म्हणजे जवळपास सगळं गेलेलं. हे मुद्दाम करून बघायची गरज नाही, तो धूर घशाला आणि डोळ्यांना लागतो आणि पेटूही शकतो. चुकून झालंच तर आच बंद, खिडकी उघडा, पेटलं तर झाकण ठेवा, पाणी ओतू नका.

कोळसा होणं आणि ज्वाला धरून जळणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत बरं का. साखरेच्या क्यूबला काडी लावा, तो तपकिरी होऊन ओघळेल, पेटणार नाही. त्याच क्यूबच्या कोपऱ्याला थोडी राख चोळा आणि परत काडी लावा, आता छोटी ज्योत धरून जळत राहतो. राख स्वतः जळत नाही, ती फक्त पेट घेणं सोपं करते. करायचा असेल तर चिमट्यात धरून, खाली स्टीलचं ताट, बाजूला पाणी. पूर्ण जळताना साखरेचा एक रेणू ऑक्सिजनचे १२ रेणू घेतो आणि १२ कार्बन डायऑक्साइड आणि ११ पाणी देतो, १ ग्रॅमला साधारण ४ किलोकॅलरी. तेवढीच ऊर्जा शरीरही काढतं, फक्त ज्वालेशिवाय, ३७ अंशांना, अनेक पायऱ्यांत.

पिठीसाखरेबद्दल मात्र खरंच सांभाळा. बारीक साखर हवेत उडाली की प्रत्येक कणाभोवती ऑक्सिजन असतो आणि ठिणगी मिळाली तर सगळी एकदम पेटते. ७ फेब्रुवारी २००८ ला अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात साठलेल्या साखरेच्या धुळीचा स्फोट झाला आणि १४ माणसं गेली. घरात तेवढं प्रमाण नसतं, पण पेटत्या गॅसवर पिठीसाखर झटकणं किंवा फुंकणं करू नका.

पातेलं घासताना

घासणीने ओरबाडू नका. पातेलं पाण्याने भरा, चमचे त्यातच टाका, उकळी आणा आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. कॅरॅमल कितीही कडक झालं तरी पाण्यात विरघळतं, पाणी चहासारखं होईल आणि तळ मोकळा दिसेल. ते पाणी ओतून दिल्यावर खाली काळे पापुद्रे तसेच चिकटून असतील तर ते कॅरॅमल नाही, कोळसा आहे, तो पाण्यात कधीच विरघळणार नाही. त्यासाठी दोन चमचे खायचा सोडा घालून परत उकळा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी लाकडी उलथन्याने खरवडा. आणि ते पापुद्रे तळाच्या एकाच बाजूला असतील तर तुमची आच तिथे जास्त लागतेय, पुढच्या वेळी पातेलं मधेमधे थोडं फिरवत राहा.